सुरू न होणारा ट्रॅक्टर : दोष शोधण्याचा क्रम

मृगाचा पाऊस पडून गेला की काळ्या जमिनीस वाफसा येतो. परंतु तो शेतकऱ्याची वाट पाहत थांबत नाही. दोन-चार दिवस कडक ऊन पडले तर ओल खाली जाते, आणि पुन्हा पाऊस आला तर शेतात पाय ठेवता येत नाही. मधले जे थोडे दिवस हाती लागतात त्यांवर संपूर्ण खरिपाची भिस्त असते. पूर्वी अशा वेळी गोठ्यातील बैलांवर काम निभावत असे. आता बहुतेक गावांतून बैलजोड्या कमी झाल्या असून नांगरट, कुळवणी व पेरणी ट्रॅक्टरावर अवलंबून आहे. आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, असा अनुभव अनेक शेतकऱ्यांस येतो.

याचे कारण उघड आहे. उन्हाळी नांगरट आटोपल्यावर ट्रॅक्टर कित्येक आठवडे छपरात उभा राहतो. त्या काळात बॅटरी उतरते, टाकीत पाणी साचते, उंदीर तारा कुरतडतात. पेरणीच्या दिवशी मिस्त्री मिळणे कठीण जाते, कारण त्याच दिवशी दहा गावांतून त्यास बोलावणे आलेले असते. मग घाईघाईने हे सोड, ते खोल, असा प्रकार सुरू होतो. ज्या भागात दोष नव्हता तोही बिघडतो, नवे सुटे भाग विनाकारण विकत घेतले जातात आणि वाफसा निघून जातो.

वास्तविक सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांचा दोष किरकोळ असतो व तो घरच्या घरी काढता येतो. त्यासाठी विशेष यंत्रविद्या लागत नाही, क्रम लागतो. सोपे ते आधी, अवघड ते नंतर; बाहेरचे आधी, आतले नंतर; आणि एका वेळी एकच गोष्ट, हा तो क्रम होय. प्रस्तुत लेखात तो टप्प्याटप्प्याने सांगितला आहे.

इंजिनाच्या गरजा

ट्रॅक्टराचे इंजिन डिझेलवर चालते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली या प्रकारचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याचे मूलतत्त्व आजही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात घेतलेली हवा सुमारे सोळा ते अठरा पट दाबली जाते. सायकलीत हवा भरताना पंप जसा तापतो तशीच ही हवा तापते, आणि तिचे तपमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेट घेते.

यावरून इंजिनाच्या गरजा चारच आहेत हे लक्षात येईल. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, त्यास स्वच्छ डिझेल मिळाले पाहिजे, हवा मिळाली पाहिजे आणि ती हवा सिलिंडरात नीट दाबली गेली पाहिजे. ट्रॅक्टर सुरू होत नाही याचा अर्थ या चारांपैकी एक गोष्ट कमी पडली आहे. ती कोणती, एवढेच शोधावयाचे असते.

प्रथम बैठकीवर बसून पाहावे

हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी चालकाने बैठकीवर बसावे व पुढील गोष्टी तपासाव्यात. गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय? पी. टी. ओ.चा दांडा बंद स्थितीत आहे काय? क्लच पूर्ण दाबला आहे काय? बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत सुरक्षिततेसाठी लहान स्विच बसविलेले असतात. गिअर अथवा पी. टी. ओ. गुंतलेला असेल किंवा क्लच अर्धवट दाबला असेल, तर हे स्विच स्टार्टरकडे वीज जाऊ देत नाहीत. अशा वेळी किल्ली फिरविली तरी काहीच घडत नाही. यंत्र बिघडले असे चालकास वाटते. प्रत्यक्षात ते आपले काम चोख करीत असते. क्लचजवळील स्विचवर चिखल अथवा गवत साचले असल्यास ते साफ करावे.

त्यानंतर इंजिन बंद करण्याची मूठ पाहावी. ती ओढलेली राहिली असेल तर पंपातून डिझेल पुढे जाणारच नाही. मूठ आत ढकललेली दिसत असूनही तिची तार गंजून अडकलेली असू शकते. म्हणून पंपाजवळील दांडी प्रत्यक्ष हलते की नाही हे खात्रीने पाहावे. शेवटी टाकीत डिझेल किती आहे ते पाहावे आणि टाकीखालची तोटी उघडी आहे काय हेही पाहावे. या साध्या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत.

इंजिन फिरतच नसेल तर

किल्ली फिरविल्यावर येणारा आवाज लक्षपूर्वक ऐकावा. त्याच वेळी पुढचे दिवे लावून ठेवावेत व दुसऱ्या माणसास त्यांच्याकडे पाहण्यास सांगावे. आवाज व दिवे या दोहोंवरून दोषाची जागा बरीचशी कळते.

दिवे मुळातच लागत नसतील, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे, तिची जोडणी सुटली आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दिवे लागले, परंतु किल्ली फिरविताच विझल्यासारखे झाले आणि कट-कट-कट असा भरभर आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे. दिवे तेजस्वी राहिले आणि कोणताच आवाज आला नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही. किल्लीचा स्विच, फ्यूज, सुरक्षा स्विच आणि तारा तपासाव्यात. एकदाच 'टक्' असा जोराचा आवाज आला, दिवे चांगले राहिले आणि इंजिन हलले नाही, तर स्टार्टरवरील सोलेनॉईडच्या आतील संपर्क जळले असण्याचा संभव असतो. दिवे मंद झाले, बॅटरी व जोडण्या चांगल्या असूनही इंजिन जागचे हलले नाही, तर स्टार्टर अथवा इंजिन आत जखडले आहे असे समजून मिस्त्रीस बोलवावे.

येथे एका घातक सवयीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. किल्लीने स्टार्टर फिरत नाही असे दिसताच काही जण जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे उभे राहतात आणि स्क्रू-ड्रायव्हर अथवा पाना स्टार्टरच्या दोन टोकांवर आडवा टेकवितात. असे केल्याने सर्व सुरक्षा स्विच बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेट घेताच तो पुढे सरकतो, आणि उभ्या असलेल्या माणसास मागे हटण्यास क्षणही मिळत नाही. मागचे चाक त्याच्या अंगावरून जाते. अनेक देशांत ट्रॅक्टरच्या प्राणघातक अपघातांचे हे एक परिचित कारण ठरले आहे. पेरणी एक दिवस लांबली तर नुकसान होते. परंतु घरातील कर्ता माणूस गेला तर ते नुकसान कोणत्याही हंगामात भरून येत नाही. म्हणून ट्रॅक्टर सुरू करावयाचा तो बैठकीवर बसूनच, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. सुरक्षा स्विच तोडून तारा परस्पर जोडून देण्याचाही मोह टाळावा.

बॅटरीची तपासणी

इंजिन फिरत नसल्यास सर्वप्रथम संशय बॅटरीवर घ्यावा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर वीज अडते. ती साफ करताना प्रथम ट्रॅक्टराच्या सांगाड्यास जोडलेली तार सोडवावी. बहुतेक ट्रॅक्टरांत ती ऋण टोकाची असते. नंतर दुसरी तार सोडवावी. टोके गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून धुवावीत. हे पाणी बॅटरीच्या भोकांतून आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून घट्ट बसवावीत व वर व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. जोडताना सांगाड्याची तार सर्वांत शेवटी जोडावी. या तारेचे सांगाड्याकडील टोकही रंग, गंज व माती काढून घट्ट करावे. बॅटरी नवी, तरी इंजिन सुस्त फिरते, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा याच टोकाशी असते.

बारा व्होल्टची चांगली भारित बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.० व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन फिरवीत असताना आकडा सुमारे ९.५ व्होल्टच्या खाली जाऊ नये. ज्या बॅटरीची झाकणे उघडतात तिच्यातील पाणी पट्ट्या बुडतील इतके असावे, आणि भर घालावयाची ती केवळ ऊर्ध्वपातित पाण्याची, म्हणजेच डिस्टिल्ड वॉटरची. विहिरीचे अथवा नळाचे पाणी वापरू नये. बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू निघतो व तो स्फोटक असतो. म्हणून जवळ विडी, काडी अथवा ठिणगी आणू नये.

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीची मदत घ्यावयाची झाल्यास दोन्ही बॅटऱ्या समान व्होल्टच्या असाव्यात. सांगाड्यास ऋण टोक जोडलेल्या ट्रॅक्टरांत धन टोक धन टोकास जोडावे, आणि ऋणाची तार उतरलेल्या बॅटरीला न जोडता तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या लोखंडास जोडावी.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये. मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती द्यावी. सतत 'सेल्फ' मारल्याने इंजिन सुरू होत नाही. उलट स्टार्टर जळतो आणि उरलीसुरली बॅटरीही उतरते.

इंजिन फिरते, परंतु पेट घेत नाही

इंजिन जोमाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर सायलेन्सरकडे पाहावे. तेथील धूर दोषाची साक्ष देतो.

इंजिन फिरत असताना धूर मुळीच येत नसेल, तर सिलिंडरात डिझेल पोहोचत नाही. पांढुरका धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, परंतु पेटत नाही. इंजिन फार थंड आहे, हळू फिरते आहे, डिझेलमध्ये पाणी आहे अथवा दाब कमी आहे. काळा धूर येऊन इंजिन गुदमरत असेल, तर हवा कमी पडते आहे.

डिझेलचा मार्ग तपासणे

धूर नसल्यास टाकीपासून पुढे डिझेलच्या वाटेने जावे. टाकीच्या झाकणास हवा आत घेण्यासाठी सूक्ष्म छिद्र असते. ते धुळीने बुजले, किंवा कुंभारमाशीने त्यात मातीचे घर केले, तर डिझेल थोडे वाहून थांबते. झाकण सैल करताच प्रवाह सुरू झाला तर दोष सापडला असे समजावे.

त्यापुढे गाळ साचण्याची वाटी असते. तीत तळाशी पाण्याचा थर अथवा गाळ दिसल्यास ती काढून स्वच्छ डिझेलने धुवावी. त्यानंतर फिल्टर पाहावेत. डिझेलचे कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नयेत. धुण्याने कागद फाटतो व घाण थेट पंपात जाते. फिल्टरची किंमत थोडी असते, पंप व नोझल यांची दुरुस्ती महाग पडते.

टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडले असेल, किंवा फिल्टर बदलला असेल, तर नळ्यांत हवा शिरते. यास 'इंजिनाने एअर धरली' असे म्हणतात. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो व नोझल उघडत नाही. ही हवा काढण्यासाठी टाकीत पुरेसे डिझेल भरावे. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करावा आणि फीड पंपाचा हातदांडा चालवावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागली की दांडा चालवीत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर हीच कृती मुख्य पंपावरील स्क्रूशी करावी. एवढ्याने बहुधा इंजिन सुरू होते. वारंवार हवा धरत असेल, तर एखादी नळी चिरली आहे अथवा वॉशर खराब झाला आहे असे जाणावे.

नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांत अतिशय मोठा दाब असतो. तेथील फवारा हाताच्या कातडीतून आरपार मांसात शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी आत डिझेल पसरून बोट अथवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधताना कधीही हात लावू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. असा फवारा अंगात शिरल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे व काय झाले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराबाबतचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यांपैकी अनेकांत संगणकाने नियंत्रित होणारी 'कॉमन रेल' पद्धती असते. अशा ट्रॅक्टरांच्या दाबाच्या नळ्या शेतकऱ्याने मुळीच सैल करू नयेत.

हवा, थंडी व पूर

काळ्या धुराच्या बाबतीत एअर क्लीनर उघडून पाहावा. तेलाच्या प्रकारात तळाच्या भांड्यात चिखलासारखा थर साचला असल्यास तो काढावा, भांडे धुवावे आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. कोरड्या प्रकारात फिल्टरवरील धूळ हलकेच झाडावी. तो फाटला असल्यास बदलावा. बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टराच्या हवेच्या नळीत उंदराचे घर अथवा चिंध्या आढळणे नवलाचे नाही.

निफाडसारख्या भागात हिवाळ्यातील पहाटे कडाक्याची थंडी पडते. अशा वेळी तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी होतो आणि दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. ट्रॅक्टरास हीटर असल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो प्रथम चालवावा. इंजिनातील तेल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच असावे. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा पेट्रोल ओतणे हे प्रकार करू नयेत. त्यांपासून आग लागते व पिस्टन फुटतात.

बॅटरी चांगली, डिझेल स्वच्छ, हवा मोकळी, आणि तरीही इंजिन सैलपणे फिरून केवळ पांढरा धूर सोडीत असेल, तर रिंगा अथवा व्हॉल्व्ह झिजून दाब कमी झाला असण्याचा संभव आहे. तेथे शेतकऱ्याचे काम संपते व मिस्त्रीचे सुरू होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत महापूर आला. असा ट्रॅक्टर पाण्यात बुडाल्यास, पाणी ओसरल्यावर तो सुरू होतो काय हे किल्ली फिरवून मुळीच पाहू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि नोझल काढून सिलिंडरांतील पाणी, तसेच तेल व डिझेल पूर्णपणे बदलून घेतल्यावरच इंजिन फिरवावे.

मिस्त्रीस काय सांगावे

एवढे करूनही दोष न सापडल्यास मिस्त्रीस बोलवावे. निरोप देताना 'ट्रॅक्टर बंद आहे' इतकेच सांगू नये. इंजिन फिरते की नाही, आवाज कसा येतो, दिव्यांचे काय होते, धूर येतो काय व कोणत्या रंगाचा, डिझेल शेवटी केव्हा भरले आणि बंद पडण्यापूर्वी कोणते काम चालले होते, हे सर्व सांगावे. त्यावरून योग्य हत्यारे व सुटे भाग घेऊन तो एकाच फेरीत काम पुरे करू शकतो.

हंगामापूर्वीची तयारी

दोष शोधण्यापेक्षा तो होऊ न देणे केव्हाही स्वस्त. काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव जमून त्याचे पाणी होते. पिंपातील डिझेल हलविल्यावर निदान एक दिवस निवळू द्यावे व तळचे डिझेल घेऊ नये. उभा असलेला ट्रॅक्टर दर आठवड्यास एकदा मोकळ्या जागी सुरू करून थोडा वेळ चालवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात, पेरणीच्या लगबगीपूर्वी, गावात एका सकाळी याचे प्रात्यक्षिक ठेवावे. एकच ट्रॅक्टर पुरेसा आहे. बॅटरीची टोके साफ करणे, गाळाची वाटी धुणे आणि हवा काढणे या तीन कृती कार्यकर्त्याने स्वतः करून दाखवाव्यात आणि नंतर प्रत्येक चालकाकडून करवून घ्याव्यात. घरातील जो तरुण प्रत्यक्ष ट्रॅक्टर चालवितो त्यास मुद्दाम बोलवावे. अधिक शिकू इच्छिणाऱ्यांस मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेची माहिती द्यावी. १९५५ साली स्थापन झालेली ही संस्था शेतीयंत्रांचे परीक्षण करते व ती चालविण्याचे, दुरुस्त ठेवण्याचे शिक्षण देते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी गावातील प्रत्येक ट्रॅक्टर एकदा किल्लीने, बैठकीवर बसून सुरू करून पाहावा. जो त्या दिवशी अडेल त्याच्या दुरुस्तीस मृगापर्यंत पुरेसा अवधी मिळेल.